जुनी जिप्सी, थंड काच आणि स्पीतीची वाट

बाहेर बर्फ, आत पाच माणसे आणि समोर पांढरी होत जाणारी काच... हिवाळ्यात पहाडी रस्त्यावर निघणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने समजून घ्यावी अशी एक साधी गोष्ट.

हिमाचल म्हटले की मराठी घराला मे महिन्याची सुटी आठवते. सिमल्याचा मॉल रोड, मनालीचे हिडिंबा मंदिर, रोहतांगच्या बर्फात भाड्याचे गमबूट घालून काढलेले फोटो. हिवाळ्यातले हिमाचल मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते. त्यातही स्पीतीचे खोरे हिवाळ्यात एकाच दाराचे घर होऊन बसते. मनालीकडून यायचे तर वाटेत कुंझुम खिंड. उंची साडेचार हजार मीटरहून अधिक. बर्फ पडू लागला की ती बंद होते आणि उन्हाळा येईपर्यंत उघडत नाही. २०२० च्या ऑक्टोबरात अटल बोगदा सुरू झाला, तेव्हा लाहौलची हिवाळी कोंडी फुटली. परंतु लाहौल आणि स्पीती यांच्यामध्ये कुंझुम आहेच. म्हणून हिवाळ्यात काझाला जायचे तर सिमला, नारकंडा, रामपूर, किन्नौर असा सतलजच्या काठाकाठाने जाणारा लांबचा रस्ता धरावा लागतो. अंतर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. हवामान साथ देईल तर तीन दिवस, न देईल तर कितीही!

या रस्त्यावर आजही जुन्या मारुती जिप्सी भेटतात. १९८५ साली ही गाडी आपल्याकडे आली. हलकी, आखूड, चारही चाकांना जोर देणारी आणि कोणत्याही गावच्या मेकॅनिकला उघडता येणारी. आता ती सामान्य ग्राहकाला नवी मिळत नाही. पण पहाडात ज्यांच्याकडे आहे ते ती घरच्या गाईसारखी सांभाळतात. आम्ही जानेवारीत निघालो ते अशाच एका जिप्सीने. आम्ही पती-पत्नी, माझा धाकटा भाऊ, भावजय आणि गाडीचे मालक-चालक. त्यांना आम्ही भाईजी म्हणत असू. रामपूरजवळच्या खेड्यातले, पन्नाशीचे, मोजके बोलणारे गृहस्थ.

बर्फावर गाडी चालवणे म्हणजे चाकांना साखळ्या बांधणे आणि ब्रेक जपून दाबणे, अशी आपली समजूत असते. भाईजींचे लक्ष मात्र पहिल्या दिवसापासून चाकांइतकेच काचांवर होते. “पहिया फिसले तो आदमी सँभाल लेता है, दिखे नहीं तो क्या सँभालेगा?” हे त्यांचे साधे तर्कशास्त्र.

नारकंड्याचा चहा

सिमला सोडल्यावर ठियोगपर्यंत ऊन होते. नारकंडा सुमारे सत्तावीसशे मीटरवर. तेथे पोहोचेपर्यंत देवदारांच्या फांद्या बर्फाने वाकलेल्या दिसू लागल्या. चहासाठी गाडी थांबली. बर्फ पाहिल्यावर मुंबई-पुण्याची माणसे जे करतात ते सगळे आम्ही केले. परत गाडीत बसताना मात्र भाईजी दाराशी उभे. त्यांनी प्रत्येकाला आधी बूट आपटायला लावले, मग हातातल्या छोट्या झाडूने बुटांवरचा आणि कोटांवरचा बर्फ झाडला. पायांखाली गोणपाट अंथरलेले होतेच. भावाचे हातमोजे ओले होते. ते त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली. डॅशबोर्डवर वाळत घालायला नाही म्हणाले.

शेजारी मैदानी भागातून आलेली एक मोठी, जुनीच चारचाकी उभी होती. आत सात-आठ माणसे, हातात वाफाळते पेले, सर्व काचा घट्ट बंद. गाडी निघाली तेव्हा तिच्या काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. चालक स्वेटरच्या बाहीने समोरची काच पुसत होता आणि त्या थाळीएवढ्या गोलातून रस्ता पाहत होता. पुढच्या वळणावर समोरून सफरचंदांची खोकी वाहणारा ट्रक येत होता.

भाईजींनी आपल्या बाजूची काच दोन बोटे खाली केली. मागची सरकती काचही थोडी उघडायला सांगितली. भावजयीने शाल घट्ट ओढून घेत विचारले, “भाईजी, इतनी ठंड में?” ते हसून म्हणाले, “बहनजी, ठंड बाहर से आती है, भाप तो अंदर से बनती है.”

पुढचे तीन दिवस आम्ही या एका वाक्याचा अर्थ पाहत गेलो.

तासाला एक वाटी पाणी

काचेवरचे हे धुके बाहेरचे नसते. ते आपल्याच श्वासाचे असते. स्वस्थ बसलेला माणूस श्वासावाटे आणि त्वचेवाटे तासाला साधारण तीस ते चाळीस ग्रॅम पाणी हवेत सोडतो. पाच माणसे म्हणजे तासाला एक मोठी वाटी भरून पाणी. एवढे पाणी कोणी गाडीत ओतले तर आपण ओरडू. श्वासातून जाते म्हणून दिसत नाही, इतकेच.

आता हवेची गंमत पाहा. ऊबदार हवा पुष्कळ वाफ धरून ठेवते. थंड हवेच्या पदरात फार थोडी मावते. वीस अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. शून्य अंशाला पाच ग्रॅमही नाही. उणे दहा अंशांना तर अडीच ग्रॅमच्या आतच. जिप्सीच्या आतली जागा तीन घनमीटरच्या आसपास धरली, तर शून्य अंशाच्या काचेला टेकलेल्या हवेचा हिशेब असा होतो, की बंद गाडीत पाच माणसांनी पाच-सहा मिनिटे श्वास घेतला की काचेवर थेंब धरू लागणार. थंडगार ताकाच्या पेल्याला बाहेरून जसा घाम येतो तसाच हा प्रकार. गाडीत सर्वांत थंड वस्तू काच, म्हणून वाफ तिलाच जाऊन बिलगते.

यातूनच उपायही निघतो. बाहेर बर्फ पडत असला की बाहेरची हवा ओली असणार, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात त्या गोठलेल्या हवेत पाणी अगदी थोडे असते. तीच हवा आत येऊन थोडी तापली की कोरड्या टिपकागदासारखी होते; आतली वाफ शोषून मागच्या फटीतून बाहेर घेऊन जाते. म्हणून एक काच पुढे, एक मागे, दोन-दोन बोटे उघडी. हवेला यायला वाट हवी आणि जायलाही.

आपल्याकडे आंबोलीच्या किंवा माळशेजच्या घाटात पावसाळ्यात जीपच्या काचा धुरकटतात, तेव्हा हीच युक्ती तितकी चालत नाही. तेथे बाहेरची हवाच वाफेने भरलेली असते. पहाडातल्या थंडीत मात्र बाहेरची हवा आपल्या बाजूची असते. तिला भिऊन काचा बंद केल्या की आपण आपलाच मदतनीस घराबाहेर ठेवतो.

नव्या गाड्यांत एसी आणि हीटर एकत्र लावले की एसी हवेतले पाणी काढून घेतो आणि हीटर ती हवा तापवून काचेवर सोडतो. मिनिटभरात काच साफ. जुन्या जिप्सीला किंवा जीपला एसी नसतो. दारांची रबरे झिजलेली असतात, पत्र्याच्या सांध्यांतून पाणी झिरपते, पायाखालचे जाजम कायम दमट. जुनी गाडी नेणाऱ्याला म्हणूनच स्वतःच एसीचे काम करावे लागते.

रामपूरचे गॅरेज

नारकंड्याहून रस्ता झपाट्याने उतरतो आणि सतलजच्या काठी येतो. रामपूर जेमतेम हजार मीटरवर. दर नोव्हेंबरात येथे लवीची जत्रा भरते. लोकर, सुका मेवा, पश्मिना आणि पहाडी घोडे यांचा हा जुना बाजार. तिबेटशी व्यापार चालत असे त्या काळापासूनचा. जानेवारीत गाव शांत असते आणि ऊन छान असते. वर जाण्याआधी गाडी तपासून घेण्याची ही शेवटची सोयीची जागा, असे भाईजींचे मत.

गॅरेजमधल्या मेकॅनिकने बॉनेट उघडले आणि पहिला प्रश्न विचारला तो हीटरचा. जुन्या गाडीचा हीटर म्हणजे दुसरे काही नसते. इंजिन थंड ठेवण्यासाठी जे पाणी फिरते, तेच तापलेले पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीतून नेतात आणि पंखा त्या जाळीवरून हवा फेकतो. म्हणजे इंजिनचे पाणी गरम झाले नाही तर हीटर नुसता गार वारा देणार.

येथे मैदानी भागातल्या जुन्या गाड्यांची एक खास खोड आड येते. इंजिनच्या पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. इंजिन पुरेसे तापेपर्यंत ती बंद राहते. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून आपल्याकडची अनेक गॅरेजेस ही झडप सरळ काढून टाकतात. नागपूर-सोलापूरच्या उन्हात ते खपूनही जाते. पण तीच गाडी हिमालयात आणली की पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहते, इंजिन तापतच नाही आणि काचेवर कोमट हवासुद्धा येत नाही. महाराष्ट्रातून स्वतःची जीप घेऊन येणाऱ्या हौशी मंडळींनी निघण्यापूर्वी एवढा एक प्रश्न आपल्या मेकॅनिकला विचारावाच. झडप जागेवर असूनही वर फार थंडी असेल, तर पहाडी चालक रेडिएटरच्या काही भागापुढे पुठ्ठा लावतात. तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवून, आणि चढ लागला की काढून.

मेकॅनिकने दुसरी गोष्ट पाहिली ती पुढच्या प्रवाशाच्या पायाखालचे जाजम. ते ओले, चिकट लागले, गाडीत गोडसर वास आला आणि काचेवर पुसूनही न जाणारा तेलकट थर धरू लागला, तर हीटरची जाळी गळते आहे असे समजावे. मग काच कितीही पुसा, उपयोग नाही. दर वेळी हीटर लावला की नवी वाफ तयार. अशा गाडीत कूलंटची पातळीही हळूहळू उतरत जाते, आणि पुढे चढावर इंजिन तापून बसते.

रेडिएटरमध्ये साधे पाणी असेल तर तेही येथेच बदलून घ्यावे लागते. पाणी गोठले की फुगते आणि इंजिन फोडू शकते. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असले की ते उणे तीस अंशांनाही गोठत नाही. वायपरच्या फवाऱ्याच्या डबीतले साधे पाणीही काढावे लागते. ते काचेवर पडताक्षणी गोठते आणि धुक्याच्या जागी बर्फाचा पडदा तयार होतो.

सर्वांत शेवटी भाईजींनी स्वतः काचा आतून स्वच्छ केल्या. काचेवर धूळ, धूर, हाताचा तेलकटपणा यांचा थर असला की वाफेला धरायला जागा मिळते. आधी साबणाच्या पाण्याने, मग कोरड्या वर्तमानपत्राने. मग दाढीच्या फेसाचा अगदी पातळ हात फिरवून मऊ सुती फडक्याने काच चकचकीत होईपर्यंत पुसली. साबणाच्या त्या न दिसणाऱ्या थरामुळे पाण्याचे बारीक थेंब न होता ते सपाट पसरते आणि आरपार दिसत राहते. हा उपाय एक-दोन दिवस टिकतो. आपल्याकडे घाटातले ट्रकवाले पावसात काचेवर तंबाखू नाहीतर कापलेला बटाटा चोळतात, त्याच जातीचा हा उपाय. फरक इतका, की तो काचेच्या बाहेरून आणि हा आतून.

कल्पाची रात्र

किन्नौरमध्ये शिरले की माणसांच्या डोक्यांवर हिरव्या पट्टीच्या टोप्या दिसू लागतात. दरी अरुंद होते आणि रस्ता कड्यात कोरलेला. डोक्यावर खडकाचे छत, खाली सतलज. या मार्गाची मूळ आखणी हिंदुस्तान-तिबेट रस्ता म्हणून १८५० मध्ये सुरू झाली. रेकाँग पिओच्या वर कल्पा गाव आहे, समोर सहा हजार मीटरहून उंच किन्नर कैलास. स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतले पहिले मतदार श्याम सरन नेगी या गावचे. १९५१ च्या ऑक्टोबरात येथे मतदान उरकून घेतले होते, कारण पुढे बर्फाने वाटा बंद होणार होत्या. ते २०२२ मध्ये वारले. बर्फाचे गणित या लोकांच्या आयुष्यात किती आधीपासून मांडावे लागते, ते या एका गोष्टीवरून कळावे.

गाडीचेही तसेच. सकाळी काच साफ हवी असेल तर तयारी रात्री करावी लागते. मुक्कामी पोहोचल्यावर भाईजींनी सामान उतरवले, गोणपाटे बाहेर काढून झटकली आणि सगळी दारे पाच मिनिटे सताड उघडी ठेवली. दिवसभरात साठलेली दमट हवा बाहेर गेली. ती तशीच कोंडली असती तर रात्रीत काचेच्या आतल्या अंगाला गोठली असती. आणि आतला बर्फ खरवडणे हे बाहेरचा बर्फ काढण्यापेक्षा किती तरी कटकटीचे. मग पुढच्या काचेवर बाहेरून एक जाड पोते टाकले, त्याची टोके दारांत अडकवली आणि वायपर उभे करून ठेवले, म्हणजे ते काचेला चिकटत नाहीत.

सकाळी तापमान शून्याच्या बरेच खाली. पोते उचलले आणि खाली काच जवळजवळ कोरडी! शेजारच्या गाडीवर एक जण उकळते पाणी ओतायला निघाला होता. भाईजींनी धावत जाऊन त्याचा हात धरला. गोठलेल्या काचेवर गरम पाणी पडले की काच तडकते. तिथून पुढे शंभर-दोनशे किलोमीटर नवी काच मिळायची नाही. त्यांनी त्याला आपला प्लॅस्टिकचा पातळ तुकडा दिला. त्याने काच खरवडायची, लोखंडी वस्तूने नाही.

का गावची वळणे

पूह मागे पडले की झाडे संपतात. खाब येथे स्पीती नदी सतलजला मिळते. पूल ओलांडला की रस्ता उभ्या डोंगरावर चढू लागतो. का गावची ही वळणे खाली पाहिल्यावर टाकलेल्या दोरीच्या वेटोळ्यांसारखी दिसतात. एका बाजूला भुसभुशीत कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. सावलीतल्या वळणांवर पारदर्शक बर्फाचा थर असतो. तो डांबरासारखाच काळा दिसतो आणि चाक त्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

येथे काचेचा खरा अर्थ उमगला. वळणावर गाडी सावलीतून एकदम उन्हात येते. हिवाळ्यातला सूर्य खाली असतो, सरळ डोळ्यांवर. काच जरा जरी धुरकट असेल, तरी ऊन पडताच ती पांढऱ्या चादरीसारखी पेटते आणि दोन-तीन सेकंद चालकाला काहीही दिसत नाही. गाडी ताशी वीस किलोमीटरने जात असली तरी दोन सेकंदांत अकरा मीटर पुढे जाते. त्या वळणांची रुंदी डोळ्यांपुढे आणून पाहा.

म्हणून या टप्प्यात गाडीतली प्रत्येक व्यक्ती कामाला लागलेली होती. माझ्याकडे स्वच्छ सुती फडके. चालकाने हात सोडायचा नाही. त्याच्या बाजूची आणि आरशाकडची काच शेजारच्याने पुसायची. पुसायची म्हणजे फडक्यानेच, तळहाताने नव्हे. तळहाताचा तेलकटपणा काचेवर राहतो आणि पुढच्या वेळी तेथेच आधी वाफ धरते. मागे बसलेल्यांनी आपल्या फटींवर लक्ष ठेवायचे. थर्मासमधला चहा गाडी चालू असताना ओतायचा नाही. थांबून, उतरून प्यायचा. गाडीत गाणी म्हणायलासुद्धा भाईजींनी हसत हसत मनाई केली. जोरजोरात गाणारा माणूस गप्प बसलेल्यापेक्षा अधिक वाफ सोडतो! काच दिसेनाशी झालीच तर एकच नियम होता. पुसत-पुसत पुढे जायचे नाही. जागा पाहून थांबायचे.

वर नाको. सुमारे ३,६०० मीटर. तळे गोठलेले, भोवतीचे वाळुंज आणि पॉप्लर काड्यांसारखे उघडे. येथून पुढची हवा इतकी कोरडी, की ओठ फुटतात. अशा हवेत काचेवर वाफ थेंब न होता थेट बर्फाची पाने होऊन उमटते, नेच्याच्या पानांसारखी नाजूक नक्षी. पाहायला सुंदर, पण चालकाच्या समोर नको.

न दिसणारा, वास नसणारा शत्रू

काचा किंचित उघड्या ठेवण्याला आणखी एक कारण आहे आणि ते काचेपेक्षाही मोठे आहे. जुन्या गाडीचा सायलेन्सर आणि त्याची नळी गंजलेली असते. सांध्यातून धूर गळतो. खालच्या पत्र्याला भोके, गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर फाटलेले, मागच्या दाराची पट्टी सुटलेली. या वाटांनी तो धूर आत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. काचा पूर्ण बंद असतील तर तो साठत जातो. डोके जड होते, मळमळते, गुंगी येते. आणि गुंगीतच माणूस जाऊ शकतो.

स्पीतीच्या वाटेवर यात एक विशेष धोका आहे. विरळ हवेचा त्रासही असाच सुरू होतो. डोकेदुखी, मळमळ, थकवा. त्यामुळे “उंचीवर आलो, होणारच” असे म्हणून माणसे शालीत गुरफटून पडून राहतात. गाडीत एकाच वेळी दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, तर आधी गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे आणि सर्वांना मोकळ्या हवेत उतरवावे. मोकळ्या हवेत लवकर बरे वाटू लागले तर दोष गाडीचा असू शकतो. तशी गाडी दुरुस्त झाल्याशिवाय पुढे न्यायची नाही. आणि बरे वाटले नाही, त्रास वाढत गेला, तर उंची कमी करायची आणि डॉक्टर गाठायचा.

बर्फात अडकल्यावर हीटरसाठी इंजिन चालू ठेवून झोपणे हेही असेच घातक. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले की धूर सरळ आत येतो. शेगडी किंवा निखाऱ्यांची बादली गाडीत घेण्याचा विचार तर मनातही आणू नये.

ताबोचा श्वास

सुमदो ओलांडून आम्ही स्पीतीत आलो आणि संध्याकाळी ताबोला. येथला मठ इ. स. ९९६ मधला. बाहेरून मातीच्या भिंती, गढीसारख्या. आत शिरल्यावर अंधाराला डोळे सरावले, की भिंती रंगांनी बोलू लागतात. याला हिमालयातला अजिंठा म्हणतात, ते उगीच नाही. १९७५ च्या जानेवारीतल्या किन्नौरच्या भूकंपाचे धक्केही या मातीने सोसले. १९९६ मध्ये मठाला हजार वर्षे पूर्ण झाली, तेव्हा दलाई लामांनी येथे कालचक्राचा सोहळा केला होता.

त्या काळोखात उभे असताना मला आपल्या अजिंठ्याची आठवण झाली. तेथे चित्रित लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे आत सोडतात. कारण तेच, माणसांच्या श्वासाची वाफ. जी वाफ काही मिनिटांत जिप्सीची काच झाकते, ती वर्षानुवर्षे भिंतीवर बसत राहिली तर रंग सुटू लागतात. ताबोची चित्रे हजार वर्षे टिकली त्यात कोरड्या हवेचा आणि कमी गर्दीचा वाटा किती असेल! आपण श्वास घेतो आणि विसरतो. थंड काच आणि जुनी भिंत मात्र त्याचा हिशेब ठेवतात.

काझा आणि मधली बुखारी

काझाच्या पेट्रोल पंपावरचा फलक उंची ३,७४० मीटर सांगतो. हिवाळ्यात येथे रात्रीचा पारा उणे वीसपर्यंत जातो. नळ गोठलेले, पर्यटकांची बहुतेक हॉटेले बंद. उघडी असतात ती घरे. आम्ही एका घरीच उतरलो. मधल्या खोलीत बुखारी, म्हणजे लाकडे आणि शेणी जाळण्याची लोखंडी शेगडी. तिची नळी छतातून बाहेर काढलेली. घरातली सगळी माणसे, पाहुणे, अभ्यास करणारी मुले, सारे तिच्याभोवती.

घरच्या आजींनी झोपण्यापूर्वी विस्तव निवू दिला आणि खोलीच्या वरच्या झरोक्याची फळी किंचित सरकवली. भावजयीने माझ्याकडे पाहिले. आता तिला कारण विचारायची गरज नव्हती. ज्यांचे आयुष्य थंडीत गेले, ती माणसे थंडीला पूर्ण बाहेर ठेवत नाहीत. तिला यायला बोटभर वाट ठेवतात, म्हणून आत राहणाऱ्यांना श्वास घेता येतो. पहाडातल्या हिवाळ्यात ऊब आणि मोकळी हवा यांत निवड करायची नसते. दोन्ही बरोबर सांभाळायची असतात. शाल आणखी एक घ्यावी, काच मात्र बंद करू नये.

जुनी गाडी घेऊन निघताना

• थर्मोस्टॅट जागेवर आहे का, हीटरची जाळी गळते का, सायलेन्सर आणि खालचा पत्रा शाबूत आहेत का, हे घरून निघण्यापूर्वी तपासून घ्या. दारांची रबरे झिजली असतील तर बदला.

• रेडिएटरमध्ये निम्मे कूलंट असू द्या. फवाऱ्याच्या डबीत साधे पाणी ठेवू नका.

• हीटरचा दांडा बाहेरची हवा आत घेण्याच्या जागी ठेवा. आतलीच हवा फिरवत राहिलात तर काच साफ होणार नाही. गरम हवेचा झोत आधी काचेवर, मग पायांवर.

• पुढची एक आणि मागची एक काच दोन बोटे उघडी ठेवा.

• बूट-कोटांवरचा बर्फ बाहेरच झाडा. ओले कपडे गाठ मारलेल्या पिशवीत. गोणपाट किंवा वर्तमानपत्रे पायांखाली, आणि ती रोज रात्री बाहेर.

• काच आतून रोज पुसा. दोन स्वच्छ सुती फडकी फक्त काचेसाठी वेगळी ठेवा. जुन्या पंचाचे तुकडे सर्वांत चांगले.

• रात्री दारे पाच मिनिटे उघडून गाडी कोरडी करा. काच पोत्याने झाका, वायपर उभे ठेवा. गोठलेल्या काचेवर गरम पाणी कधीही ओतू नका.

• काच दिसेनाशी झाली तर सुरक्षित जागी थांबा. पाच मिनिटांचा उशीर पहाडात कोणी मोजत नाही.